तेलधारी खडकाची साक्ष : अवशिष्ट तेलावरील प्रयोगशाळांतील संशोधनाचा इतिहास

खनिज तेल भूगर्भात एखाद्या तळ्यासारखे साचलेले असते, ही समजूत सुशिक्षितांतही अद्याप पुष्कळ रूढ आहे. वस्तुतः ते वालुकाश्माच्या किंवा चुनखडकाच्या सूक्ष्म छिद्रांत भरलेले असते. ही छिद्रे बहुधा केसाच्या जाडीहूनही अरुंद असतात आणि त्यांत तेलाच्या जोडीला खारे पाणी असतेच. विहीर खणली म्हणजे अंगच्या दाबाने काही तेल वर येते. दाब ओसरल्यावर पाणी किंवा वायू आत सोडून आणखी काही काढता येते. आणि इतके करूनही, जगातील साठ्यांचा ढोबळ हिशेब पाहता, मूळ तेलाचा सुमारे एक-तृतीयांश भागच हाती लागतो. बाकीचे खडकातच राहते. ते का राहते आणि ते सोडवून आणता येईल काय, या दोन प्रश्नांवर शंभर वर्षांहून अधिक काळ प्रयोगशाळांतून काम चालू आहे. या कामाचा इतिहास सामान्यतः उपायांचा इतिहास म्हणून सांगितला जातो : अमुक साली साबण वापरला, अमुक साली पॉलिमर, अमुक साली वाफ. परंतु या उपायांच्या यशापयशामागे एक निराळाच प्रश्न उभा होता आणि तो फार उशिरा नीट विचारला गेला. टेबलावर ठेवलेला वीतभर दगड मैलभर खोल असलेल्या खडकाविषयी जी साक्ष देतो, ती कितपत ग्राह्य धरावी, हा तो प्रश्न होय.

या विषयात प्रयोगशाळेच्या आधी तेलक्षेत्राने धडा दिला. पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे ड्रेक याने १८५९ मध्ये विहीर खणली, आणि त्यानंतर वीसएक वर्षांतच त्या प्रांताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जॉन कार्ल याने १८८० च्या अहवालात असे नमूद केले की, जुन्या विहिरींतून वरच्या थरांतील पाणी तेलधारी थरात उतरले तर शेजारच्या विहिरींचे उत्पादन वाढू शकते. ब्रॅडफर्ड येथील तेलक्षेत्रात हा प्रकार पुष्कळ ठिकाणी आपोआप घडला. नळ गंजले, पाणी शिरले आणि आटत आलेल्या विहिरी पुन्हा तेल देऊ लागल्या. कायद्याला मात्र हे मान्य नव्हते. पाण्याने तेलाचा थर बिघडतो, या समजुतीने सोडून दिलेल्या विहिरी बुजविणे सक्तीचे होते. त्यामुळे जे विहीरमालक मुद्दाम पाणी सोडीत, ते गाजावाजा न करता सोडीत. न्यूयॉर्क राज्याने १९१९ मध्ये आणि पेनसिल्व्हेनियाने १९२१ मध्ये ही रीत कायदेशीर केली. ब्रॅडफर्डच्या उत्पादनाचे पहिले शिखर १८८१ मधले. जलप्लावनाच्या जोरावर दुसरे शिखर १९३७ मध्ये आले. एका क्षेत्राला अर्धशतकानंतर दुसरे तारुण्य लाभले. पण ते का लाभले, याचे समाधानकारक उत्तर तेव्हा कोणापाशीही नव्हते.

उत्तर शोधण्याचे साधन दुसऱ्याच कारणासाठी तयार झालेले होते. फ्रान्समधील दिझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभियंता आंरी दार्सी याने वाळूने भरलेल्या उभ्या नळीतून पाणी सोडून, प्रवाहाचा वेग दाबातील फरकाच्या प्रमाणात असतो, असे १८५६ मध्ये दाखविले होते. खडकातून द्रव जाऊ देण्याच्या गुणाला, म्हणजे पार्यतेला, पुढे त्याचेच नाव एकक म्हणून मिळाले. अमेरिकेच्या खाण विभागासाठी जे. ओ. लुइस याने १९१७ मध्ये तेलधारी वालुकाश्मांतून अधिक तेल मिळविण्याच्या पद्धतींवर पुस्तिका लिहिली, आणि निघालेल्या तेलापेक्षा राहिलेले तेल अधिक आहे, ही गोष्ट तीत आग्रहाने मांडली. त्यानंतर ओक्लाहोमातील बार्टल्सव्हिल येथील सरकारी प्रयोगकेंद्रात, पेनसिल्व्हेनिया राज्य महाविद्यालयात आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील खाणविभागात नळ्या, वाळू, पाणी आणि तेल यांचे प्रयोग सुरू झाले. बर्कलीचे युरेन व फहमी यांनी १९२७ मध्ये असे प्रतिपादले की, तेल आणि पाणी यांच्या सीमेवरील ताण आणि मिळणारे तेल यांत निश्चित संबंध आहे. पाण्यात क्षार मिसळून हा ताण कमी करावा, ही सूचनाही याच सुमाराची. नटिंग याने १९२५ मध्ये त्यासाठी धुण्याचा सोडा सुचविला होता. पुढील पाऊणशे वर्षांतील अनेक कल्पनांची बीजे या दशकात सापडतात. परंतु तेव्हाच्या बहुतेक प्रयोगांतील 'खडक' म्हणजे नळीत ठासलेली, धुतलेली, सुटी वाळू होती. सोयीचा पदार्थ निवडायचा आणि निष्कर्ष मात्र खऱ्या खडकाला लावायचा, ही या शास्त्राची सवय येथूनच सुरू होते.

मोजमापाला शिस्त आली ती पिट्सबर्ग येथील गल्फ कंपनीच्या संशोधनशाळेत. वायकॉफ, बॉट्सेट, मस्कॅट आणि रीड यांनी १९३३ मध्ये पार्यता मोजण्याची रीत बसविली. वायकॉफ व बॉट्सेट यांनी १९३६ मध्ये वाळूतून पाणी आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू एकाच वेळी वाहवून, विद्युत्‌वाहकतेवरून आतील पाण्याचे प्रमाण ठरविले. त्यांतून जे निष्पन्न झाले ते आज पाठ्यपुस्तकात असल्यामुळे साधे वाटते. दोन द्रव एकाच खडकातून जाऊ लागले की वाट दोघांत वाटली जाते. इतकेच नव्हे, तर दोघांच्या वाट्यांची बेरीज पूर्ण वाटेपेक्षा कमी भरते. काही वाट कोणाच्याच उपयोगी पडत नाही. शिवाय एखाद्या द्रवाचे प्रमाण विशिष्ट मर्यादेखाली गेले की तो द्रव खडकात असूनही अजिबात वाहत नाही. तेलाच्या बाबतीत ही मर्यादा म्हणजेच अवशिष्ट तेल. ब्रॅडफर्डच्या विहीरमालकाला जे अनुभवाने माहीत होते, त्याला आता आलेखावर एक बिंदू मिळाला.

त्या बिंदूमागचे कारण ह्यूस्टन येथील हम्बल कंपनीत काम करणाऱ्या माइल्स लेव्हरेट याने स्पष्ट केले. तेल व पाणी यांच्या एकत्रित प्रवाहावरील त्याचा निबंध १९३९ चा, सच्छिद्र घन पदार्थांतील केशाकर्षणावरचा १९४१ चा, आणि बकली याच्या सहकार्याने लिहिलेला, पाण्याची आघाडी खडकातून कशी सरकते याचे गणित देणारा निबंध १९४२ चा. चार वर्षांत तीन निबंध, आणि तिन्ही अद्याप वापरात. हा मनुष्य लगेच या क्षेत्रातून उठून अणुभट्ट्यांच्या बांधणीकडे गेला व पुढे तेथेच रमला. युद्धाने तेलशास्त्राचे केलेले हे नुकसान कोणत्याही हिशेबात धरलेले दिसत नाही.

तेल अडकते कसे, हे प्रत्यक्ष पाहण्याची सोय युद्धानंतर झाली. ओक्लाहोमा विद्यापीठातील शॅटनेव्हर व कॅल्हून यांनी १९५२ मध्ये काचेच्या दोन तक्त्यांमध्ये बारीक मण्यांचा एकेरी थर पसरून त्यातील प्रवाह सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मॅटॅक्स व काइट यांनी १९६१ मध्ये काचेवर कोरलेल्या वाटांच्या जाळ्यात हाच प्रयोग केला आणि त्यावरील लेखाला 'जलप्लावन कधी पाहिले आहे काय?' अशा अर्थाचे शीर्षक दिले. तोवर ते खरोखर कोणी पाहिलेले नव्हतेच. पाणी ज्या खडकाला बिलगते त्या खडकात ते अरुंद वाटांत आधी शिरते, कडेकडेने पुढे सरकते, आणि रुंद छिद्राच्या तोंडाशी असलेल्या गळ्यात फुगून तेलाचा धागा तोडते. तुटलेले तेल गोळ्याच्या रूपाने छिद्रात कोंडले जाते. त्याला पुढच्या गळ्यातून जायचे तर आपला आकार चेपावा लागतो, आणि त्या चेपण्याला सीमेवरील ताण विरोध करतो.

हा विरोध केवढा, ते एका साध्या हिशेबाने कळते. गळ्याची त्रिज्या पाच मायक्रॉन आणि ताण मीटरला ३० मिलिन्यूटन धरला, तर गळ्यातून घुसण्यास सुमारे १२,००० पास्कल दाब हवा. उलट, विहिरींच्या मधल्या खडकात पाण्याचा दाब दर मीटरमागे जास्तीत जास्त २०,००० पास्कलच्या आसपास बदलतो. म्हणजे एक मिलिमीटर लांबीच्या तेलगोळ्याच्या मागच्या व पुढच्या टोकांत तो अवघा २० पास्कल असतो. गरज आणि पुरवठा यांत सहाशेपटींची तफावत. पंप कितीही मोठा आणला तरी ती भरून निघत नाही. मूर व स्लोबॉड यांनी १९५६ मध्ये, आणि अधिक नेमकेपणाने टेबर याने १९६९ मध्ये, हा झगडा एका गुणोत्तरात बसविला. श्यानता आणि वेग यांच्या गुणाकाराला सीमेवरील ताणाने भागले की केशीय अंक येतो. पाणी दिवसाला एक फूट या चालीने सरकत असता तो कोटीत एक इतका असतो. तो लाखात एकच्या आसपास पोचेपर्यंत कोंडलेले तेल हलत नाही, आणि जवळजवळ सगळे निघायचे तर तो शंभरात एकच्या घरात न्यावा लागतो. वेग वाढविता येत नाही, श्यानता थोडीच वाढविता येते; राहिला ताण. तो हजारो पटींनी उतरविला पाहिजे. युरेन व फहमी यांनी संबंध दाखविला होता; केवढ्या प्रमाणात, हे आता कळले. साध्या साबणाने ताण दहा-वीस पटींनी उतरे, आणि त्याचा उपयोग का होत नसे याचाही उलगडा झाला.

सत्तरीच्या दशकातील सारा उत्साह या एका अंकातून निघाला. खनिज तेलापासूनच बनविलेले सल्फोनेट, मद्यार्काच्या जातीचे सहायक पदार्थ आणि नेमक्या प्रमाणातील मीठ यांच्या मिश्रणाने सीमेवरचा ताण मीटरला एक सहस्रांश मिलिन्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे तीस हजार पटींनी, खाली येतो असे आढळले. मॅरेथॉन कंपनीने इलिनॉयमधील रॉबिन्सन येथे अशा सूक्ष्म पायसांचे क्षेत्रीय प्रयोग केले. १९७३ मध्ये तेलाचे भाव कडाडल्यावर सरकारी मदत मिळू लागली आणि विद्यापीठांतून या विषयाचे विभाग उघडले. शाह व शेक्टर यांनी १९७७ मध्ये संपादित केलेला पृष्ठसक्रिय पदार्थ आणि पॉलिमर यांवरील ग्रंथ त्या वेळच्या आत्मविश्वासाचे चांगले प्रतिबिंब आहे. दगडाच्या तुकड्यातून नव्वद टक्क्यांहून अधिक तेल निघाल्याचे प्रयोग तेव्हा सर्रास प्रसिद्ध होत. क्षेत्रात मात्र बहुतेक ठिकाणी त्याचा लहानसा अंशच पदरी पडला.

असे का व्हावे? येथे त्या दगडाचीच चौकशी करणे भाग आहे. हे प्रयोग ज्या दगडावर झाले तो बहुधा ओहायो राज्यातील बेरिया वालुकाश्म असे. इमारती आणि शाणेचे दगड यांसाठी ज्या खाणी प्रसिद्ध होत्या, त्यांतलाच हा दगड. एकसारखा, स्वस्त, मागवाल तेव्हा मिळणारा, आणि एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीच्या आकड्यांशी ताडून पाहता येतील असा. प्रमाण म्हणून त्याची निवड चुकीची होती असे म्हणता येणार नाही. तुलनेला समान आधार लागतोच. परंतु खाणीतल्या या दगडाच्या छिद्रांनी तेल कधी पाहिलेलेच नव्हते. त्यात पाणी बिलगणारा स्वच्छ क्वार्ट्‌झ विपुल आणि चिकणमाती बेताची. अनेक ठिकाणी तर तीही निष्क्रिय व्हावी म्हणून दगड भट्टीत भाजून घेत. खऱ्या साठ्यातील चिकणमाती पृष्ठसक्रिय पदार्थ शोषून घेते, आपल्या अंगचा कॅल्शियम पाण्यात सोडते आणि काळजीपूर्वक जुळविलेले मिठाचे प्रमाण बिघडवून टाकते. ताण वाढला की केशीय अंक कोसळतो आणि महागडे द्रावण साध्या पाण्यासारखे निघून जाते. हे सर्व हळूहळू समजत गेले, पण तोवर १९८६ उजाडले. तेलाचे भाव पिंपाला दहा डॉलरच्या आसपास घसरले, क्षेत्रीय प्रयोग गुंडाळले गेले आणि कित्येक संशोधनशाळांची दारे बंद झाली. अपयशाचे खापर भावावर फोडणे सोपे होते. दगडाकडे बोट दाखविणारे थोडे होते.

वीतभर दगड आणखी एका कारणाने अपुरा पडतो. पातळ द्रव दाट द्रवाला ढकलू लागला की आघाडी सरळ राहत नाही. तिला बोटे फुटतात आणि पातळ द्रव वाट काढून पुढे पळतो. ही गोष्ट प्रथम काळजीपूर्वक तपासणाऱ्यांपैकी हिल हा साखर शुद्ध करण्याच्या उद्योगातील होता; कोळशाच्या स्तंभातून साखरेचा पाक पाण्याने बाहेर ढकलताना त्याने १९५२ मध्ये हे पाहिले. सॅफमन व टेलर यांनी १९५८ मध्ये काचेच्या दोन तक्त्यांमधील प्रवाहावरून त्याचे गणित मांडले. दोन बोटे जाडीच्या दगडात अशी बोटे नीट वाढूच शकत नाहीत. म्हणून दगडाचा निकाल नेहमी आशादायक येतो. भारतात याचा प्रत्यय उत्तर गुजरातेतील बलोल व संथाळ येथे येतो. तेथील तेल इतके दाट की पाणी त्याला ढकलण्याऐवजी त्याला वळसा घालून निघून जाते. तेल व नैसर्गिक वायू आयोगाने १९७८ मध्ये अहमदाबाद येथे स्थापिलेल्या साठा-अध्ययन संस्थेत दहननलिकेचे प्रयोग होत. किती तेल जळते आणि त्याला किती हवा लागते हे नळीत मोजायचे, आणि त्यावरून थरातच आग लावून उरलेले तेल पातळ करायचे. बलोलमध्ये १९९० मध्ये चाचणी झाली आणि १९९७ पासून दोन्ही क्षेत्रांत ही पद्धत व्यापारी प्रमाणावर सुरू झाली. राजस्थानातील मंगला क्षेत्रात त्याच अडचणीवर पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट करण्याचा उपाय योजला गेला. हे उपाय यशस्वी होण्याचे एक कारण असे की, त्यांचा मुख्य आधार दगडाच्या पृष्ठभागाच्या नाजूक स्वभावावर नाही. दाटपणा आणि उष्णता नळीत जशी मोजावी तशीच बहुतांशी खाली आढळते.

पृष्ठभागाच्या स्वभावाची गोष्ट तशी नाही, आणि या इतिहासातील सर्वांत लांबलेली चूक तेथेच झाली. वाळू पाण्यात साचते. तिच्या छिद्रांत आधी पाणी असते आणि तेल लाखो वर्षांनी येते. म्हणून कणांभोवती पाण्याचे आवरण कायम राहते आणि सर्व तेलधारी खडक जलस्नेही असतात, असा तर्क दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. तर्क देखणा होता. पण नटिंगने १९३४ मध्येच वायोमिंगमधील टेन्स्लीप वाळूचे कण तेलाने इतके घट्ट वेढलेले असल्याचे दाखविले की साध्या द्रावकांनी ते सुटत नव्हते. मिशिगनमधील बेनर व बार्टेल यांनी १९४१ मध्ये सिद्ध केले की, तेलातील ध्रुवीय घटक खनिजाच्या पृष्ठभागावर बसून त्याची आवड बदलू शकतात. शिवाय सिलिकेला पाण्याकडे झुकलेली ठेवणारा घटक चुनखडीला तेलाकडे झुकवू शकतो. ही दोन्ही कामे प्रसिद्ध होती, उद्धृत होत होती, आणि तरीही प्रयोगशाळांच्या नित्यक्रमात त्यांनी फारसा फरक पाडला नाही.

कारण नित्यक्रमच असा होता की पुरावा नाहीसा व्हावा. विहीर खोदताना खडकाचा दंडगोल कापून वर आणला जाई. वर येताना दाब उतरे, तेलातील वायू उसळून बाहेर पडे, तापमान खाली येई आणि जड घटक कणांवर बसत. खोदण्याच्या चिखलातील रसायने त्याआधीच आत शिरलेली असत. मग प्रयोगशाळेत तो तुकडा टोल्यूइनसारख्या द्रावकाने उकळून धूत, भट्टीत वाळवीत, स्वच्छ खारे पाणी आणि शुद्ध केलेले पांढरे तेल भरीत, आणि मग त्याला विचारीत की तुला काय आवडते. धुतलेला दगड अर्थातच पाणी म्हणे. साक्षीदाराला पढवून उभे करण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की पढविणाऱ्यांना आपण पढवितो आहोत याची जाणीव नव्हती.

ॲमॉट याने १९५९ मध्ये खडक आपणहून किती पाणी व किती तेल शोषून घेतो, यावरून त्याचा कल मोजण्याची कसोटी दिली. ती अजून वापरात आहे. ट्रायबर, आर्चर व ओवेन्स यांनी १९७२ मध्ये ५५ साठ्यांतील द्रव घेऊन गुळगुळीत स्फटिकांवर स्पर्शकोन मोजले, तेव्हा ३६ साठे तैलस्नेही, १५ जलस्नेही आणि ४ मधले निघाले. चुनखडकांच्या २५ साठ्यांत तर जलस्नेही फक्त २ होते. स्फटिक म्हणजे खडक नव्हे, हा आक्षेप योग्य असला तरी, सर्व खडक जलस्नेही असतात हे विधान त्यानंतर कोणालाही जसेच्या तसे करता आले नाही. मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात १९७४ मध्ये सापडलेला मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडकाचा आहे, आणि १९८४ पासून त्यात समुद्राचे पाणी सोडले जात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा वाद केवळ अमेरिकन प्रयोगशाळांपुरता नव्हता हे ध्यानात येईल.

पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, सॅलाथिएल याचा निबंध आला, आणि या साऱ्या वाङ्मयातला तो कदाचित सर्वांत सुंदर निबंध होय. टेक्सासच्या पूर्व भागातील, १९३० मध्ये सापडलेल्या मोठ्या तेलक्षेत्रात पाणी गेलेल्या थरांत अपेक्षेपेक्षा फारच थोडे तेल शिल्लक दिसत होते. सॅलाथिएलने सुचविले की, खडक जलस्नेही की तैलस्नेही, हा प्रश्नच चुकीचा असू शकतो. तेल खडकात शिरले तेव्हा ते मोठ्या छिद्रांत गेले आणि तेथील भिंतींना त्याने आपल्या घटकांचे लेपन केले. लहान छिद्रे पाण्याचीच राहिली. अशा मिश्रस्वभावी खडकात पाणी सोडले तर मोठ्या छिद्रांतले तेल तुटून गोळे होत नाही. भिंतींवर पातळ पापुद्र्याच्या रूपाने ते सलग राहते आणि हळूहळू ओघळत जाते. त्याने तसे दगड प्रयोगशाळेत तयार केले, त्यांतून प्रचंड प्रमाणात पाणी सोडले आणि शिल्लक तेल छिद्रांच्या दहा टक्क्यांच्याही खाली उतरलेले दाखविले. धुतलेल्या बेरियात याच रीतीने त्याच्या तिप्पट-चौपट तेल कोंडून राहते. म्हणजे प्रयोगशाळेचा प्रमाण दगड येथे उलट बाजूने चुकत होता. रसायनांचा परिणाम तो फुगवून सांगत होता आणि नुसत्या पाण्याचा कमी करून सांगत होता. ज्या क्षेत्रात धीराने पाणी सोडीत राहणेच पुरेसे होते, तेथे महाग द्रावणांचा हिशेब मांडला जाण्याचा धोका यात होता.

अँडरसन याने १९८६-८७ मध्ये सहा भागांत लिहिलेल्या आढाव्यानंतर नित्यक्रम खऱ्या अर्थाने बदलू लागला. तुकडा धुतल्यावर त्यात त्याच साठ्यातील कच्चे तेल भरून, साठ्याच्याच तापमानात काही आठवडे मुरवत ठेवायचे आणि मगच प्रयोग करायचा, ही रीत रुळली. लोणच्यासारखेच हे; मुरल्याशिवाय चव कळत नाही. जदुनंदन व मॉरो यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात अशा मुरविलेल्या दगडांवर पन्नासांहून अधिक जलप्लावने करून पाहिली. त्यांचाही दगड बेरियाच होता. सर्वाधिक तेल पूर्णतः जलस्नेही अवस्थेत नव्हे, तर जवळजवळ तटस्थ, किंचित पाण्याकडे झुकलेल्या अवस्थेत मिळते, असे दिसून आले. याच कामातून दुसरी अनपेक्षित गोष्ट निघाली : सोडलेल्या पाण्यातील मिठाचे प्रमाण निकालावर परिणाम करते. बर्नार्ड याने १९६७ मध्ये गोड्या पाण्याने अधिक तेल मिळाल्याचे लिहिले होते, पण तेव्हा ते चिकणमाती फुगण्याचे लक्षण समजले गेले. टँग व मॉरो यांच्या १९९७ नंतरच्या प्रयोगांनी हा विषय उघडला. शेटलंड बेटांच्या पश्चिमेस क्लेअर रिज येथे २०१८ मध्ये उत्पादन सुरू झाले ते समुद्राच्या पाण्यातील मीठ कमी करून सोडण्याच्या योजनेसह. परिणामाच्या कारणाविषयी मात्र अद्याप एकमत नाही. अनेक कारणे सुचविली गेली आहेत आणि प्रत्येकाला प्रतिकूल असा एखादा प्रयोग आहे.

नमुना आपल्याच साठ्याचा घ्यावा, या आग्रहाचे सर्वांत ठळक उदाहरण नॉर्वेच्या समुद्रातील इकोफिस्क होय. १९६९ मध्ये सापडलेल्या या साठ्याचा खडक म्हणजे अक्षरशः खडू. त्यातून मूळ तेलाचे सुमारे १७ टक्केच मिळतील असा आरंभीचा अंदाज होता. भेगाळलेल्या खडूत पाणी सोडले तर ते भेगांतून धावेल आणि तेल जागीच राहील, अशी रास्त भीती होती. परंतु इकोफिस्कच्याच खडूच्या तुकड्यांनी प्रयोगशाळेत पाणी आपणहून शोषले आणि तेल बाहेर टाकले. थराथरांत फरक होता, काही थर कमी शोषीत. क्षेत्रातील चाचणीनंतर १९८७ पासून समुद्राचे पाणी मोठ्या प्रमाणावर सोडण्यात आले, आणि आता तेथून मिळावयाच्या तेलाचा अंदाज पन्नास टक्क्यांच्या वर गेला आहे. जे प्रयोगांनी आधी पुरेसे सांगितले नाही तेही घडले. दाब उतरल्यामुळे समुद्रतळ खचू लागल्याचे १९८४ मध्ये लक्षात आले होते आणि १९८७ मध्ये फलाट सहा मीटर उचलावे लागले. पाणी सोडून दाब परत आणला तरी खचणे लगेच थांबले नाही, कारण पाण्याने खडू मऊही होतो. तेल कसे सुटेल, एवढेच विचारलेल्या दगडाने तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर दिले होते.

गेल्या काही वर्षांत दगड न फोडता त्याच्या आत पाहण्याची सोय झाली आहे. क्ष-किरणांच्या सूक्ष्म त्रिमितीय चित्रणाने २०१३ मध्ये खऱ्या खडकातील छिद्रांत द्रवाची आघाडी टप्प्याटप्प्याने उड्या मारीत सरकताना टिपली गेली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील अँड्रू, बिजेलिक व ब्लंट यांनी २०१४ मध्ये खोल थरातील दाब व तापमान राखून, छिद्रांच्या आतच स्पर्शकोन मोजले. त्यांचे द्रव खारे पाणी आणि कार्बन डाय-ऑक्साइड हे होते, आणि नंतर हीच रीत तेलालाही लावली गेली. गुळगुळीत स्फटिकावर एका थेंबाचा एकच कोन मिळे. येथे एकाच तुकड्यात, एकमेकांशेजारच्या छिद्रांत निरनिराळे कोन मिळाले. मुरविलेल्या खडकात तर काही नव्वद अंशांच्या खाली आणि काही वर. अशा खडकासाठी एकच अंक सांगावयाचा नसून कोनांचा विस्तार सांगावयाचा असतो, आणि साठ्याच्या गणितात तो विस्तार कसा भरावा, यावर सध्या काम चालू आहे.